वर्तमानाचा गाणारा

४ मे २००६ला इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. लंडनच्या पूर्वेला बार्किंग आणि डॅगनम या दोन गावांची मिळून एक पालिका आहे. कामगारांची वस्ती, मजूर पक्षाचा पिढीजात बालेकिल्ला. तिथे ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघड वंशद्वेषी पक्षानं १३ जागा लढवल्या आणि त्यातल्या १२ जिंकल्या. एका रात्रीत तो पालिकेतला मुख्य विरोधी पक्ष होऊन बसला.

गायक बिली ब्रॅग याच गावचा. २० डिसेंबर १९५७चा त्याचा जन्म बार्किंगचा. तिथल्याच शाळांत तो शिकला आणि शेजारच्या घरातल्या मित्राच्या जोडीनं तिथेच गिटार वाजवायला लागला. २००६ साली त्याच्या पहिल्या तबकडीला तेवीस वर्षं होत आली होती, आणि या सगळ्या काळात वंशद्वेषाविरुद्धच्या किती सभांतून तो गायला असेल याची मोजदाद नाही. आता ज्यांच्यात तो वाढला, त्याच लोकांनी हे मत दिलं होतं. त्या वर्षी त्याचं ‘द प्रोग्रेसिव्ह पेट्रिअट’ हे पुस्तक आलं. त्यात त्यानं गावाला बोल लावलेला नाही. आपलं घराणं या मातीत कुठून आलं, आईकडच्या इटालियन आडनावाचं काय झालं, कुठल्या तबकड्या ऐकत आपण मोठे झालो, आणि देशावरचं प्रेम उजव्यांच्या ताब्यात कसं गेलं, हे तो शांतपणे शोधत जातो. चिडलेल्या माणसानं इतक्या सबुरीनं लिहिलेलं फार थोडं मी वाचलं आहे.

राजकारण, वर्तमानपत्रं, फुटबॉल आणि संगीत या ब्रॅगच्या चार ध्यासांबद्दल तुमच्या हातातलं हे पुस्तक आहे. प्रकरणं त्याच क्रमानं लावली आहेत खरी, पण लिहिता लिहिता माझी खात्री होत गेली की या चारही ध्यासांच्या मुळाशी त्याचा प्रश्न एकच आहे. माणूस ‘आपण’ म्हणतो तेव्हा कोणाकोणाला त्यात धरतो, कोणाला वगळतो, आणि ही यादी ठरवतं कोण? पेपर ती रोज सकाळी ठरवायला बघतो. फुटबॉलच्या स्टँडमध्ये ती दर शनिवारी ठरते. पुढारी तिच्यावर निवडणुका जिंकतात. गाणं ती बदलू शकतं का, एवढ्यासाठी ब्रॅगनं चाळीस वर्षं गिटार खांद्याला लावली आहे.

बार्किंगच्या पोरांपुढे त्या काळी वाटा मोजक्याच. अकराव्या वर्षी एक परीक्षा व्हायची, तिच्यात जो नापास होई त्याचा विद्यापीठाचा रस्ता जवळपास तिथेच बंद होई. ब्रॅग नापास झाला. मग उरायचा तो डॅगनमचा फोर्डचा कारखाना, १९३१पासून धडधडणारा, नाहीतर सैन्य. वडील टोप्या बनवणाऱ्या एका कंपनीत होते. १९७६ साली फुप्फुसाच्या कॅन्सरनं ते गेले, तेव्हा मुलगा अठरा वर्षांचा होता. पुढे त्याचा पंक बँड निघाला आणि विस्कटला. १९८१ साली तो खरंच सैन्यात भरती झाला, रणगाड्यांच्या दलात, आणि तीन महिन्यांत १७५ पौंड भरून स्वतःला सोडवून बाहेर पडला. बाहेर आला तो एकट्यानं गायचं ठरवूनच. सोबत ड्रम नाहीत, बेस नाही. एक इलेक्ट्रिक गिटार, आणि बार्किंगच्या गल्लीतला, जराही न घासलेला उच्चार.

१९८३ सालची त्याची पहिली तबकडी सात गाण्यांची आहे आणि सोळा मिनिटांच्या आत संपते. ती लोकांपर्यंत कशी पोचली त्याची हकिकत इंग्लंडमध्ये सगळ्यांना पाठ आहे, तरी इथे सांगायलाच हवी. बीबीसीच्या रेडिओवर रात्री जॉन पील नवी गाणी लावायचा. त्यानं एकदा वाजवलं की नवख्या पोराचं नशीब उघडायचं. एका रात्री कार्यक्रम चालू असताना पील म्हणाला की भूक लागली आहे. ब्रॅगनं ते ऐकलं, मशरूम बिर्याणी घेतली आणि तबकडीसह थेट बीबीसीच्या दारात जाऊन उभा राहिला. पीलनं त्याच रात्री एक गाणं लावलं, पण चुकीच्या वेगानं. मोठ्या आकाराची ती तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांची होती आणि तसा प्रघात नव्हता. पुढे त्यानं ती योग्य वेगानं पुन्हा लावली आणि बिर्याणी आली नसती तरी वाजवलीच असती, असंही सांगितलं. या हकिकतीत मला ब्रॅगचा सगळा पिंड दिसतो. रेडिओच्या पलीकडे एक भुकेला माणूस बसला आहे, हे त्यानं ऐकलं आणि तो चालू लागला.

त्याच्या राजकारणाची सुरुवात याच्या पाच वर्षं आधीची. गिटारवादक एरिक क्लॅप्टननं १९७६ साली बर्मिंगहॅमच्या मंचावरून परदेशातून आलेल्यांविरुद्ध गरळ ओकली. त्याला उत्तर म्हणून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ला त्यांचा मोर्चा ट्रॅफल्गार चौकातून निघून हॅकनीच्या व्हिक्टोरिया पार्कात पोचला आणि तिथे मोठी मैफल झाली. वीस वर्षांचा ब्रॅग तिथे गेला तो ‘द क्लॅश’ हा बँड ऐकायला. गायक टॉम रॉबिन्सन समलिंगी माणसांविषयीचं आपलं गाणं गायला लागला तसे ब्रॅगच्या आजूबाजूचे पुरुष एकमेकांची चुंबनं घेऊ लागले. आधी तो गोंधळला. हा मोर्चा काळ्यांसाठी होता ना, मग ही मंडळी इथे कशाला? दुपार सरेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की फॅसिस्टांचा राग एका कातडीवर नसतो, वेगळ्या असणाऱ्या कुणावरही तो असतो. तेव्हा आपली पिढी कुठे उभी राहणार, हे त्याच्यापुरतं तिथे ठरलं.

पुढे हा प्रसंग सांगताना तो एक गोष्ट आवर्जून सांगतो, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या विचाराची किल्ली तीच आहे. ‘द क्लॅश’नं जग बदललं नाही. मंचावरच्या कुणी त्यालाही बदललं नाही. तो बदलला तो गर्दीनं. कचेरीत सहकाऱ्यांचे वंशद्वेषी विनोद तो मुकाट ऐकून घ्यायचा, कारण आपल्यासारखा विचार करणारं दुसरं कुणी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्या मैदानात तसे हजारो दिसले. गाणाऱ्याचं काम एवढंच, की अशी माणसं एका जागी यावीत आणि त्यांनी एकमेकांकडे बघावं. हे काम छोटं नाही. क्रांतीचा दावा करणाऱ्या पुष्कळ गाण्यांपेक्षा ते मला अधिक प्रामाणिक वाटतं.

१९८४च्या मार्चमध्ये कोळसा खाणकामगारांचा संप सुरू झाला आणि वर्षभर चालला. ब्रॅग खाणींच्या गावांतून मदतीचे कार्यक्रम करत हिंडला. तिथे त्याला जुने लोकगायक भेटले, कसल्याही वाद्याशिवाय गाणारे, आणि त्यांची गाणी आपल्या पंकपेक्षा जास्त जहाल आहेत हे त्याला उमगलं. संप मोडला त्या मार्चमध्ये, १९८५ साली, त्याची ‘बिट्वीन द वॉर्स’ ही छोटी तबकडी विक्रीच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेली. तिच्यात ‘विच साइड आर यू ऑन’ हेही गाणं आहे. ते फ्लॉरेन्स रीसनं १९३१ साली अमेरिकेतल्या केंटकीच्या हार्लन परगण्यात लिहिलं. खाणमालकांच्या बाजूच्या शेरीफची माणसं तिच्या युनियनवाल्या नवऱ्याला शोधत घरात घुसली, घर उलथंपालथं करून गेली. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्यावर गाणं लिहून काढलं. चोपन्न वर्षांनी इंग्लंडमधल्या खाणकामगारांसाठी त्यात नवी कडवी घालून ब्रॅग ते गायला.

ताज्या घटनेवरचं गाणं पेपरासारखं शिळं होतं, असं आपल्याकडेही म्हटलं जातं. अण्णा भाऊ साठ्यांनी मुंबईत बसून स्तालिनग्राडचा पवाडा रचला. तिथली लढाई कधीच संपली आहे, पवाड्याचं नाव मात्र अजून निघतं. अशी गाणी घडून गेलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीच्या वेळी माणसं कशी उभी राहिली ते धरून ठेवतात, म्हणून टिकतात.

आता वर्तमानपत्रं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ब्रॅगचा सगळ्यात टोकदार राग इथला आहे. १९८०च्या दशकात रुपर्ट मर्डॉकचा ‘द सन’ रोज चाळीस लाखांवर खपायचा. बिंगोची बक्षिसं, तिसऱ्या पानावर उघड्या बाईचा फोटो, पाठीमागे फुटबॉल, आणि या सगळ्याच्या मधोमध मालकाचं राजकारण. हाच पेपर कामगार डब्यासोबत घेऊन जायचा. १९८४च्या ‘इट सेज हिअर’मध्ये ब्रॅगनं या पेपरांचा समाचार घेतला. त्याचा रोख खोट्या बातमीपेक्षा वाचणाऱ्याच्या सवयीवर जास्त आहे. वाचक रोज थोडं थोडं मालकाच्या डोळ्यांनी शेजाऱ्याकडे बघायला लागतो, हे त्याला दिसत होतं.

पुढे जे झालं ते कुठल्याही गाण्यापेक्षा भयंकर होतं. १५ एप्रिल १९८९ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात चषकाचा उपान्त्य सामना होता. पोलिसांनी गर्दी ज्या तऱ्हेनं आत सोडली त्यात लिव्हरपूलचे प्रेक्षक जाळीच्या कुंपणाशी चेंगरले. अखेरीस मृतांचा आकडा ९७वर गेला. चौथ्या दिवशी ‘द सन’नं पहिल्या पानावर ‘सत्य’ अशा मथळ्याखाली छापलं की लिव्हरपूलच्या लोकांनी मेलेल्यांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर मुतले. सगळं खोटं होतं. २०१६ साली न्यायचौकशीच्या ज्यूरीनं निकाल दिला की ही माणसं बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं लागली. लिव्हरपूलनं मात्र निकालाची वाट पाहिली नाही. त्या शहरात पुष्कळ दुकानांत आजही ‘द सन’ ठेवत नाहीत आणि पुष्कळ घरांत तो शिरत नाही.

जुलै २०११मध्ये मर्डॉकच्याच ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’नं एका खून झालेल्या शाळकरी मुलीचे फोनवरचे निरोप चोरून ऐकल्याचं उघडकीला आलं आणि १० जुलैला तो पेपर बंद पडला. ब्रॅगनं त्याच सुमाराला ‘नेव्हर बाय द सन’ लिहून लोकांपुढे ठेवलं. सगळा देश तेव्हा नव्यानं हादरला होता. ब्रॅगनं लोकांना लिव्हरपूलची आठवण करून दिली. ज्यांना तुम्ही वीस वर्षं रडके म्हणत होतात ते बरोबर होते, असं त्या गाण्याचं सांगणं आहे. फुटबॉल, पेपर आणि राजकारण त्याच्याकडे एका गाण्यात येतात ते असे. जोडायला जाऊन जोडलेले नाहीत ते, मुळातच एका गाठीत आहेत.

त्याच्या लिखाणातला ‘उत्तरदायित्व’ हा विचारही इथूनच आला असावा असं मला वाटतं. २०१९ सालच्या ‘द थ्री डायमेन्शन्स ऑफ फ्रीडम’ या छोटेखानी पुस्तकात तो म्हणतो की स्वातंत्र्याला तीन अंगं आहेत: मोकळीक, समता आणि उत्तरदायित्व. मनाला येईल ते बोलायची मोकळीक एकट्या बलदंडाला असेल आणि त्याला जाब विचारायची सोय नसेल, तर ते स्वातंत्र्य होत नाही. जाब विचारून उपयोग होतो हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. २००६ साली मर्डॉकच्या मालकीच्या मायस्पेस या संकेतस्थळावरून त्यानं आपली गाणी उतरवली, कारण तिथल्या अटींत गाण्याची मालकी कुणाची ते धूसर होतं. काही आठवड्यांत कंपनीनं अटी बदलल्या, त्या सगळ्याच गायकांसाठी.

फुटबॉल. बार्किंगमध्ये तो निवडावा लागत नाही. १९६६ साली इंग्लंडनं विश्वचषक जिंकला तेव्हा कर्णधार होता बॉबी मूर, जन्म बार्किंगचा. प्रशिक्षक अल्फ रॅमझी, जन्म डॅगनमचा. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्धचे चारही गोल वेस्ट हॅमच्या दोघांनी केले, जेफ हर्स्टनं तीन, मार्टिन पीटर्सनं एक. आठ वर्षांच्या बिलीसाठी ‘देश’ म्हणजे आपल्या बाजूच्या रस्त्यावरची ही माणसं होती. वेस्ट हॅमचा संघ १८९५ साली थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणीच्या कारखान्यात निघाला, म्हणून त्याच्या चिन्हावर हातोडे. याच संघातून १ एप्रिल १९७२ला टॉटनमविरुद्ध क्लाइड बेस्ट, अडे कोकर आणि क्लाइव्ह चार्ल्स असे तीन काळे खेळाडू एकाच वेळी उतरले. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत हे नवं होतं. त्याच स्टँडमधून पुढे अनेक वर्षं वंशद्वेषी घोषणाही ऐकू आल्या. दोन्ही गोष्टी एकाच गर्दीच्या आहेत, आणि ब्रॅग त्यातली एकही लपवत नाही. १९९१च्या ‘द फ्यू’मध्ये तो परदेशात सामन्यांना जाऊन मारामाऱ्या करणाऱ्या, झेंडे पांघरलेल्या आपल्याच पोरांकडे बघतो. पुढे २००२च्या ‘इंग्लंड, हाफ-इंग्लिश’मध्ये तो दाखवतो की इंग्रज म्हणून मिरवाव्यात अशा कितीतरी चिजा बाहेरून आलेल्या आहेत.

पण त्याचं फुटबॉलवरचं मला सगळ्यात आवडणारं गाणं यातलं नाही. ‘गॉड्स फुटबॉलर’ हे पीटर नोल्सवर आहे. नोल्स वुल्व्हरहॅम्प्टनचा आघाडीचा खेळाडू, देखणा, खट्याळ, चोविशीच्या उंबरठ्यावरचा. १९६९च्या सप्टेंबरात त्यानं खेळ सोडला आणि यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या प्रचाराला वाहून घेतलं. तो परत येईल या आशेनं क्लबनं त्याची नोंदणी १९८२पर्यंत जपून ठेवली. समाजवादी ब्रॅगला धर्मासाठी मैदान सोडणाऱ्या माणसावर गाणं का करावंसं वाटलं असेल? माझं उत्तर असं. टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीतून जो आपणहून उठून जातो, त्याला वेड्यात न काढता समजून घेता आलं पाहिजे, नाहीतर गर्दीवरचं आपलं प्रेम आंधळं आहे. गाण्यात चेष्टेचा लवलेश नाही.

ब्रॅगची सगळीच गाणी मला सारखी वाटत नाहीत. गाणं सुरू व्हायच्या आधीच निष्कर्ष ठरलेला असतो तिथे तो भाषण करतो. पॉल वेलर आणि जिमी सॉमरव्हिल या गायकांबरोबर १९८५ साली त्यानं मजूर पक्षासाठी ‘रेड वेज’ ही प्रचारमोहीम काढली, पण १९८७च्या निवडणुकीत थॅचरबाई तिसऱ्यांदा आल्या. त्या काळातल्या काही ओळी आज पत्रकासारख्या वाटतात. पण त्याच काळात, १९८६ साली, ‘लेवाय स्टब्ज टिअर्स’ आलं. अपघाताच्या भरपाईतून घेतलेल्या चाकांच्या घरात राहणारी एक बाई, लवकर झालेलं लग्न, हात उगारणारा नवरा, आणि तिच्याजवळची फोर टॉप्सची कॅसेट. डेट्रॉइटच्या त्या बँडमधला लेवाय स्टब्ज तिच्या वाट्याचं रडतो. पक्षाचं नाव नाही, घोषणा नाही. आणि तरी बाईमाणसाच्या एकटेपणाविषयी तेव्हाच्या कुठल्याही जाहीरनाम्यात नव्हतं ते त्यात आहे. हे पुस्तक लिहायला मला भाग पाडलं ते या गाण्यानं.

आपल्या आधीच्यांशी त्याचं नातं हा एका प्रकरणाचाच विषय आहे. १९९६च्या ‘विल्यम ब्लोक’मध्ये त्यानं रुडयार्ड किपलिंगच्या एका कवितेला चाल लावली. किपलिंग म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात १८६५ साली जन्मलेला, साम्राज्याचा कवी. त्याच्याच शब्दांतून तळातल्या पिचलेल्यांचा आवाज काढून दाखवणं ही धिटाई आहे. आणि अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री. २८ जानेवारी १९४८ला कॅलिफोर्नियात एक विमान कोसळलं आणि मेक्सिकोला परत पाठवले जाणारे २८ शेतमजूर मेले. बातम्यांत विमानातल्या गोऱ्यांची नावं आली, मजुरांची आली नाहीत. गथ्रीनं त्यावर गाणं लिहिलं. त्यांच्या थडग्यावर सगळी नावं कोरली गेली ती २०१३ साली. गथ्रीच्या मागे हजारावर गाणी चालीविना राहिली होती. त्याची मुलगी नोरा हिनं ती ब्रॅगकडे सोपवली, आणि विल्को या अमेरिकन बँडबरोबर १९९८ साली ‘मर्मेड ॲव्हेन्यू’ आलं. त्या वह्यांत संप होते, फॅसिस्ट होते, तशी इन्ग्रिड बर्गमन होती आणि बेसबॉलचा जो डिमॅजिओही होता. पेपर, खेळ, सिनेमा, राजकारण हे सगळं एका वहीत लिहिणारा आपल्या आधीही होऊन गेला, हे ब्रॅगला तिथे भेटलं.

बार्किंगचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. २०१०च्या निवडणुकीत ब्रॅग तिथे दारोदार हिंडला, गायला, चौकात ब्रिटिश नॅशनल पार्टीच्या माणसांशी भांडला. त्याच्यासारखे शेकडो कार्यकर्ते महिनोन्महिने राबत होते, आणि श्रेय त्यांचं आहे. त्या पक्षाच्या बाराच्या बारा जागा गेल्या. पालिकेच्या ५१ही जागा मजूर पक्षाला मिळाल्या.

वाचताना सोबत गाणी ऐकावीत अशी माझी विनंती आहे. पहिल्या तबकडीपासून सुरुवात करा. ‘वेटिंग फॉर द ग्रेट लीप फॉरवर्ड्स’ हे १९८८चं गाणं मात्र निरनिराळ्या वर्षांच्या मैफलींतलं ऐका, कारण ब्रॅग त्यातल्या ओळी चालू बातम्यांप्रमाणे बदलत आला आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ऑलिव्हर अँथनीचं ‘रिच मेन नॉर्थ ऑफ रिचमंड’ लाखो लोकांच्या तोंडी झालं. राबणाऱ्याच्या हालांबरोबर त्यात सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांनाही बोल होते. पासष्टीतल्या ब्रॅगनं काही दिवसांतच त्याच धाटणीचं उत्तर गायलं. त्या तरुण गायकाची त्यानं खिल्ली उडवली नाही. तुझं दुखणं खरं आहे, पण त्याचं मूळ तुझ्याहून गरीब माणसात नाही, तेव्हा युनियनमध्ये ये, असं त्याला सांगितलं. शेवटचं प्रकरण या दोन गाण्यांवर आहे, आणि दोन्ही गाणी लागोपाठ ऐकल्याशिवाय ते वाचू नये.